गच्ची हलवली तो उन्हाळा

परवा ह्यांनी कूलरवरचं पोतं काढलं, मागच्या वर्षीचं कुजकं गवत खरवडून टाकलं, नवं भरलं, टाकीत पाणी ओतलं आणि बटण दाबलं. कूलर सुरू झाल्या झाल्या जो वास सोडतो त्याला नाव नाही. थोडा ओल्या गवताचा, थोडा गंजाचा, थोडा आत जाऊन मेलेल्या एखाद्या किड्याचा. पण तो नाकात गेला की पडेगावात उन्हाळा लागला हे वेगळं सांगावं लागत नाही. मला मात्र त्या वासानं आणखी एक गोष्ट आठवते आणि मी एकटीच हसायला लागते. गेल्या उन्हाळ्यात हा कूलर आमच्यासाठी नव्हता. तो एका कॉम्प्युटरसाठी होता.

आमच्याकडं उन्हाळा खाली घरात सोसायचा असतो आणि वर गच्चीवर वापरायचा असतो. ऊन कोवळं आहे तोवर वर जायचं, जुनी सुती साडी अंथरायची, चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे आणि गव्हाच्या चिकाचं गरम पातेलं फडक्यानं धरून जिना चढायचा. सोऱ्यातून कुरडई उतरायला लागली की बोटं भाजतात, घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गच्चीवरून शबानाभाभी विचारतात, "चीक उरला क्या थोडा?" त्यांना कुरडईपेक्षा चिकात जास्त रस. वाटीत गरम चीक, वर तूप आणि साखर, आणि ती वाटी हातात घेऊन माझ्या कुरडयांना नावं ठेवणं, हा त्यांचा उन्हाळा.

शबानाभाभी आमच्या कित्येक वर्षांच्या शेजारी. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. बुद्धपौर्णिमेची खीर त्या भिंतीवरून तिकडं जाते, ईदचा शीरखुर्मा इकडं येतो, आणि बाकीच्या दिवशी विरजण, कढीपत्ता आणि भांडणं जातात-येतात. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते टाकीत किती उरलं हे बघायला दोघींना रोज वर जावंच लागतं. तिथंच कधीतरी आम्ही ठरवलं की आपल्यासारखे गच्चीवर जगणारे लोक आणखी असतील, त्यांना एकत्र आणू. म्हणून त्या मोठ्या ॲपवर, जिथं अख्खं जग जाऊन बसलेलं आहे, आम्ही 'गच्ची' नावाचा ग्रुप काढला. वाळवण, कुंड्या, पक्ष्यांसाठी पाणी, टाकीची गळती, वर झोपताना मच्छरदाणी कशी बांधायची, असलं सगळं.

ग्रुप वाढला. इतका वाढला की आम्ही दोघी घाबरलो. हजारो माणसं आली, आणि मग माणसांच्या मागून ते ॲप स्वतः आलं. मी टाकलेला फोटो भिंतीपलीकडच्या शबानाभाभींना दिसेना, पण लुधियानाच्या कुणा बाईचा लग्नातला नाच आम्हा दोघींना रोज दिसे. दोन पोस्टींच्या मध्ये गुडघेदुखीचं तेल. टोमॅटोला कीड लागली म्हणून कुणी विचारलं की खाली दोन अनोळखी माणसं भलत्याच विषयावरून एकमेकांची आई-बहीण काढत बसलेली. शबानाभाभी म्हणायच्या, "आपल्या गच्चीवर हे लोक चढले कुठून? जिना तो अपने घरमेंसेच है."

आणि मग लाट्यांचं प्रकरण झालं.

उडदाच्या पापडाचं पीठ कुटून, तेलाचा हात लावून मी लाट्या केल्या होत्या. पांढऱ्या साडीवर ओळीनं मांडलेल्या, गुळगुळीत, चकचकीत, एकसारख्या. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या एकसारख्या जमल्या म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाणी पिऊन येते तोवर तो फोटो गायब. त्या जागी निरोप होता की तुमच्या चित्रात नग्नता आढळली असून ते आमच्या नियमांत बसत नाही.

मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मग ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी चष्मा पुसला, फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "मशीनची चूक आहे. पण कशी झाली ते कळतंय."

"काय कळतंय?"

"काही नाही," म्हणून ते आत गेले.

शबानाभाभींनी भिंतीवर कोपरं टेकून सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "मग आता उडदाला कपडे घालायचे का?"

मी तक्रार केली. ह्या उडदाच्या लाट्या आहेत, खायचा पदार्थ आहे, असं सविस्तर लिहिलं. पाठवायचं बटण दाबून बोट उचलायच्या आत उत्तर आलं: तुमच्या म्हणण्याचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला आहे, निर्णय कायम आहे. पुन्हा लिहिलं तर मलाच महिनाभरासाठी बाहेर काढलं. जो ग्रुप मी काढला त्यात मला लिहिता येईना. भांडावं तर समोर माणूस नाही, आणि मी साठीला टेकलेली बाई, अश्लील चित्रं पसरवल्याबद्दल शिक्षा भोगत घरात बसलेली. आमच्या नणंदेनं अजिंठ्याहून फोन करून विचारलं, "वहिनी, काय टाकलं होतं नेमकं?" तिच्या आवाजात काळजीपेक्षा उत्सुकता जास्त होती.

ह्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्तीनंतर दुरुस्त करायला काही उरलं नाही म्हणून ते चालू वस्तू उघडून बघत. माझा मिक्सर त्यातच गेला. लाट्यांच्या प्रकरणानं त्यांना काम मिळालं. काही दिवस ते चष्मा कपाळावर चढवून काहीबाही वाचत बसले आणि एका संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघींना गच्चीवर बोलावून भाषण दिलं.

"हे बघा, आपल्या काळात गंगापूरचं एक्स्चेंज वेगळं होतं, पैठणचं वेगळं. तरी पैठणहून गंगापूरला बोलता येत होतं की नाही?"

"येत होतं," मी म्हणाले. "ओरडून."

"तसंच आता इंटरनेटवर करता येतं. सगळ्यांनी एकाच मालकाच्या दारात जाऊन बसायचं नाही. लहान लहान ठिकाणं असतात, प्रत्येकाचं आपलं मशीन, आपले नियम. पण एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणच्याशी बोलू शकतो. आपण आपलं स्वतःचं काढायचं."

शबानाभाभींनी विचार केला. "मग मालक कोन?"

"मालक असा कुणी नाही." मग मान किंचित वर करत ते म्हणाले, "म्हणजे, आपल्यापुरता मी."

"चलेगा," शबानाभाभी म्हणाल्या. "तुमच्याशी निदान भांडता तरी येईल, भाईसाब."

मुलीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर कपाटाखालून निघाला. ह्यांनी तो उघडला, झटकला, त्यात काय काय भरलं. इंटरनेटवाल्याला घरी बोलावून त्याच्याकडून कॉम्प्युटरसाठी इंटरनेटवरचा कायमचा पत्ता मिळवला. तो बिचारा विचारत राहिला, "साहेब, ऑफिस आहे का इथं?" आणि हे सांगत राहिले, "नाही, गच्ची आहे." बैठकीच्या खोलीत टीव्हीची जागा कॉम्प्युटरनं घेतली. टीव्ही माझ्या शिलाई मशीनवर गेला आणि शिलाई मशीन कुठं गेलं ते मला अजून नीट सापडलेलं नाही.

मग माणसं हलवायची वेळ आली. शबानाभाभींनी मोठ्या ग्रुपवर लिहिलं की आम्ही नव्या घरी चाललो, ज्यांना यायचं त्यांनी यावं. हजारो माणसांनी अंगठा दाखवला. आली चाळीसेक. तीही सहज आली नाहीत. नव्या जागी प्रत्येकाचा पत्ता लांबलचक, आधी आपलं नाव आणि मग घराचं नाव. अर्ध्या लोकांना वाटलं हा ई-मेल आहे, त्यांनी आम्हाला रिकामी पत्रं पाठवली. एक बाई आल्या, दोन दिवस राहिल्या आणि म्हणाल्या की इथं आपला फोटो किती जणांनी बघितला ते कळत नाही, मग पापड लाटायचे कशाला? त्या परत गेल्या. त्यांचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. दाद मिळाल्याशिवाय उन्हात बसणं सोपं नसतं.

मला स्वतःला पहिले काही दिवस घरात टीव्ही बंद पडल्यासारखं झालं होतं. हात सवयीनं फोनकडं जाई. उघडलं की शबानाभाभींची मिरची, कुणाची टाकी, कुणाच्या गच्चीवरचा पोपट, आणि मग खाली काहीच नाही. संपलं. मी बोट वर-खाली करून बघे. खरंच संपलेलं असे. ताटातला शेवटचा घास खाऊन झाल्यावर जसं आपण उठतो तसं उठावं लागे. मोठ्या ॲपवर मी कधीच उठले नव्हते, फक्त कुणीतरी हाक मारली म्हणून फोन खाली ठेवला होता. आता दुपारी हातात एवढा वेळ उरू लागला की मी जुन्या गोधडीचं अर्धवट राहिलेलं काम काढलं.

आणि भलत्या ठिकाणचे लोक आमच्या गच्चीवर डोकावू लागले. बर्फाळ देशातल्या एका माणसानं कुरडयांचा फोटो बघून विचारलं की आमच्याकडं ऊन नाही, हे खोली गरम करायच्या यंत्रावर वाळेल का? मी लिहिलं, वाळेल, पण खाताना पश्चात्ताप होईल. त्यानं खरंच करून बघितल्या. त्याच्या कुरडया खिळ्यांसारख्या दिसत होत्या. आम्ही सगळ्यांनी छान झाल्यात म्हणून सांगितलं.

पण उन्हाळा चढला आणि कॉम्प्युटर तापू लागला. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, घरात भिंतीला हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखी गरम. अशात ते मशीन रात्रंदिवस चालू. भर दुपारी ते घर्रर्र आवाज करी आणि पडे. ते पडलं की गच्ची बंद. मग फोन सुरू. "मॅडम, गच्ची उघडत नाय." "मगरेसाहेब, लाईट गेली का तुमच्याकडं?" आमच्या घरची वीज गेली हे शहरभर, चिकलठाण्यापासून सातारा परिसरापर्यंत सगळ्यांना लगेच कळू लागलं.

ह्यांनी कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं फिरवलं.

"आणि आपण?" मी विचारलं.

"त्याच्या शेजारी बसू. मधून मधून वारा येतोच."

तर त्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको दुपारी कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना, देवडीवरच्या पहारेकऱ्यांसारखे बसून असायचो. कूलर त्याच्यावर वारा सोडायचा आणि उरलासुरला आमच्याकडं यायचा. शबानाभाभी आल्या की आधी मशीनला हात लावून बघायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि मग माझी विचारपूस करायच्या.

ह्या सगळ्यात सोनवणे सर आले.

सर लासूर स्टेशनला राहायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, इतकंच आम्हाला ठाऊक होतं. मोठ्या ग्रुपवरही ते होते, रोज तिथंही फोटो टाकायचे, पण तो आम्हाला कधी दिसलाच नव्हता. नव्या गच्चीवर दिसला. रोज सकाळी स्वतःच्या गच्चीवरून काढलेला आभाळाचा एक फोटो. खाली कोपऱ्यात निळ्या टाकीची कड आणि लिंबाची एक फांदी, बाकी सगळं आभाळ. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडच्या आभाळात काय असणार? काही नसायचं. सर खाली लिहायचे: "पूर्वेस निरभ्र. पश्चिमेस निरभ्र. तापमान सांगण्यात अर्थ नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच निळा चौकोन. "पूर्वेस निरभ्र. पश्चिमेस निरभ्र. वारा नाही."

सुरुवातीला आम्हाला हसू आलं. मग त्याची वाट बघायची सवय लागली. चहाबरोबर सरांचं आभाळ. लोक खाली काहीबाही लिहायचे. एकदा कुणीतरी लिहिलं, सर, डावीकडं बारीक ढग दिसतो. सरांनी उत्तर दिलं, "तो रसवंतीच्या इंजिनाचा धूर आहे. निरीक्षण चांगले. निष्कर्ष चूक." त्या माणसाला, म्हणे, शाळेत असताना कधी एवढंही कौतुक मिळालं नव्हतं.

आणि एका सकाळी आभाळ आलं नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, झोपले असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, गावाला गेले असतील. त्यानंतरच्या सकाळी शबानाभाभी भिंतीपाशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात चिकाची वाटी नव्हती. "सरका आसमान नहीं आया," त्या म्हणाल्या. "गर्मी किती आहे बघताय ना? अकेला आदमी है."

"एकटे आहेत हे तुम्हाला कसं माहीत?"

"रोज सकाळी तोच माणूस आभाळाचा फोटो काढतो, त्याला घरात हाक मारणारं कोण असेल?"

आमच्यापैकी कुणाकडंच त्यांचा फोन नंबर नव्हता. रोज सकाळी भेटणारा माणूस, आणि पत्ता म्हणजे एक निळी टाकी आणि लिंबाची फांदी. ह्यांनी मशीनमध्ये शोधलं, तिथंही काही नव्हतं. कारण ह्यांनीच मोठ्या अभिमानानं ठरवलं होतं की आपण कुणाची खासगी माहिती मागायची नाही.

शबानाभाभींच्या मुलाची जुनी गाडी दारात उभी होती. तिचा एसी बिघडलेला. शबानाभाभी चालवणार, मी शेजारी, हे मागं, तिघांच्या डोक्यावर ओले टॉवेल. मिटमिटा, शरणापूर, मग उजवीकडं उन्हात तरंगणारा दौलताबादचा डोंगर. खिडकीतून येणारा वारा कूलरचा नव्हता, भट्टीचा होता. रस्त्याकडेच्या रसवंतीतून घुंगरांचा आवाज येत होता, एरवी मी गाडी थांबवायला लावली असती. त्या दिवशी शबानाभाभींनी गाडी हळूसुद्धा केली नाही.

लासूर स्टेशनात बाजाराच्या तोंडाशी टरबुजांचा ढीग मांडून एक माणूस बसला होता. शबानाभाभींनी काच खाली असलेल्या खिडकीतून विचारलं, "भाई, इधर एक सर रहते. आभाळाचे फोटो काढतात."

"सोनवणे सर व्हय?" तो म्हणाला. "मागच्या गल्लीत. लिंबाचं झाड हाय दारात." मग आमच्याकडं आणि आमच्या डोक्यावरच्या टॉवेलांकडं बघत म्हणाला, "काय झालं? सर दिसलं नाय दोन-तीन दिस."

शबानाभाभींनी गाडी तशीच मागच्या गल्लीत घातली.

घर सापडलं. लिंबाच्या झाडाची सावली दारावर पडली होती. दार आतून बंद. कडी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. ह्यांनी खिडकीला कान लावला. शबानाभाभी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या, ती दुआ होती हे मला नंतर कळलं. मग आत कुठंतरी चप्पल घासल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. लुंगी, बनियन, जाड चष्मा, ताठ मान. डोळे झोपेनं नव्हे, रागानं लाल.

"कोण पाहिजे?"

"सर," हे म्हणाले, "आम्ही गच्चीवरून आलो."

"कुणाच्या गच्चीवरून?"

"इंटरनेटवरच्या. मी मगरे. ही माझी बायको, ह्या शबानाभाभी."

सरांनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. वर्गात उशिरा आलेल्या पोरांकडं बघावं तसं. "काढून टाकलंत, आणि आता घरी आलात?"

"काढून टाकलं?" मी म्हणाले. "कुणी?"

"तुम्ही. मला आत घेत नाही ते. पासवर्ड चूक म्हणतं. मी पासवर्ड विसरत नाही. भूगोल शिकवलाय मी, अक्षांश-रेखांश पाठ आहेत. मग ते म्हणालं, नवीन पासवर्डसाठी पत्र पाठवतो. पत्र आलं नाही. वाट बघितली. नाही आलं." ते दारातच उभे होते. आवाज जरा खाली आला. "मी म्हटलं, बरोबर आहे. रोज रोज निरभ्र निरभ्र ऐकून कंटाळले असतील लोक."

ह्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली. ते पत्र पाठवायची सोय मशीनमध्ये करायची राहून गेली होती. सगळ्यांना ह्यांनी हातानं आत घेतलं होतं, त्यामुळं ती कधी लागलीच नव्हती. ह्यांनी ते तिथंच, उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. "चूक माझी आहे सर. मशीन माझं, चूक माझी."

सरांनी अर्धवट धरलेलं दार पूर्ण उघडलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत कुठल्याही ॲपच्या मालकानं दारात येऊन असं म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी.

"आत या," सर म्हणाले. "ऊन आहे."

त्यांनी ताक केलं. मीठ जास्त पडलं होतं, आम्ही दोन-दोन पेले प्यायलो. ह्यांनी त्यांचा फोन हातात घेतला आणि विचारलं, "कोणता पासवर्ड टाकता?" सरांनी तो खणखणीत आवाजात सांगितला, बायकोचं नाव आणि पुढं चार आकडे.

"सर, असा मोठ्यानं सांगायचा नसतो," हे म्हणाले.

"माझ्या घरात ऐकायला आहे कोण?"

शबानाभाभींनी पेला खाली ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

ह्यांना दोष सापडायला वेळ लागला नाही. सरांनी पहिल्यांदा आकडे मराठीत लिहिले होते. मध्यंतरी फोननं स्वतःला काहीतरी नवीन करून घेतलं आणि आकडे इंग्रजी येऊ लागले. सर रोज बरोबर पासवर्ड टाकत होते, पण भलत्या लिपीत. ह्यांनी मराठी आकडे टाकले आणि गच्ची उघडली. तिथं चाळीसेक लोकांचे निरोप थांबलेले होते. सर, कुठं आहात? सर, आभाळ? सर, बरं आहे ना? त्या बर्फाळ देशातल्या माणसानंही विचारलं होतं, मोडक्यातोडक्या मराठीत, मशीनकडून करून घेतलेल्या: "शिक्षक, निळा कुठे गेला?"

सर चष्मा काढून वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते. मग ते उठले, आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. भर दुपारी, पाय भाजत. निळी टाकी होती. लोखंडी खुर्च्या दोन होत्या, त्यातल्या एकीवर कुंडी ठेवलेली. सरांनी फोन उघडून दाखवला. ते रोज फोटो काढतच होते. पाठवता येत नव्हते तेवढंच. एकामागून एक निळे चौकोन. "नोंद चुकवायची नसते," ते म्हणाले.

त्यांनी ते सगळे एकदम टाकले. पूर्वेस निरभ्र, पश्चिमेस निरभ्र, सगळीकडं निरभ्र. परतताना आम्ही रसवंतीवर थांबलो आणि तिघंही फोन काढून बघत बसलो. रिकाम्या आभाळाच्या त्या ढिगाखाली लोक असे लिहीत सुटले होते की जणू कुणाचं लग्न ठरलंय. ह्यांनी मात्र रस अर्धा सोडला. घरी आल्यावर कूलरकडं न बघता ते मशीनसमोर बसले आणि ती पत्रांची सोय करूनच उठले. एवढ्यावरही त्यांना चैन पडेना. पुढं कित्येक दिवस कुणी गप्प दिसलं की ते म्हणायचे, "त्याला आत येता येतंय ना, बघ जरा."

मोठ्या ॲपचा मला अजूनही निरोप येतो. तुमची आठवण येते म्हणतं, इतके लोक तुमची वाट बघतात म्हणतं. मी कधी कधी जाऊनही येते. भाच्याच्या मुलाचे फोटो तिथंच असतात, आणि खरं सांगायचं तर लुधियानाची ती बाई नाचते छान. तिच्यावर माझा राग नाही. पण तिथून मी एखाद्या सकाळी दिसेनाशी झाले, तर गुडघ्याचं तेल दुसऱ्या कुणाला दाखवतील, इतकाच फरक पडेल.

सरांनी त्या प्रकारातून धडा घेतला, आणि शिक्षकानं धडा घेतला म्हणजे तो दुसऱ्यांना शिकावा लागतो. त्यांनी गच्चीवर हजेरी सुरू केली. सकाळी आभाळाचा फोटो, त्याखाली प्रत्येकानं 'हजर' लिहायचं. पोक्त माणसं, नातवंडं असलेली माणसं निमूटपणे लिहू लागली. कुणी उशीर केला तर सर कारण विचारतात. एका वकिलानं भर पावसाळ्यात "सर, पोट दुखत होतं" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

तर परवा कूलर सुरू झाला आणि काल मी या वर्षीच्या कुरडया घातल्या. हे सकाळीच अजिंठ्याला बहिणीकडं गेले होते. शबानाभाभी माहेरी. एकटीनं चीक शिजवायचा, एकटीनं वर न्यायचा. फोन खाली कुठंतरी चार्जिंगला लावलेला, मी विसरूनही गेले. गच्चीवर निम्मी साडी भरली असेल, तेवढ्यात खाली फाटक वाजलं. वाजतच राहिलं. चिकाचे हात तसेच घेऊन मी खाली आले.

फाटकाबाहेर स्कूटी आणि तिच्यावर एक मुलगी, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे दिसत होते. "मगरे मॅडम तुम्हीच का?"

"हो. तुम्ही?"

तिनं ओढणी सोडली. उन्हानं चेहरा लालबुंद झाला होता. "मी भरीत," ती म्हणाली.

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. गच्चीवर 'भरीत' नावानं लिहिणारी एकजण आहे, वांगी लावते, लई बडबड करते. वर्षभर रोज बोलतो आम्ही. मी मनात तिला चांगली पन्नाशीची, जाडजूड बाई समजून चालले होते.

"अगं, तू? चिकलठाण्याहून आलीस? एवढ्या उन्हात?"

"सरांनी पाठवलं. तुम्ही फोन उचलत नाय, साहेब उचलत नायत. सकाळपासून तुमची हजेरी नाय."

"अगं बाई, कुरडया घालत होते. आत ये आधी, पाणी घे."

ती फाटकातून आत आली, पण उंबऱ्यापाशी थांबली. "पाणी नंतर, मॅडम. आधी हजर लिहा," ती म्हणाली. "तिकडं सर जेवायचे थांबलेत."